चलच्चित्रांचा संक्षेप कोणता व किती करावा ?

हल्लीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत, फडताळाच्या वरच्या खणांत किंवा माळ्यावरील पेटींत, मुंजी-लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी, तबकड्या आणि आतां कोणत्याच यंत्रावर न उघडणाऱ्या फाइली यांचा एक लहानसा संग्रह सांपडतो. मुलें परगांवीं अगर परदेशीं असतात, सुटींत घरीं आलीं म्हणजे म्हणतात, “बाबा, हें सारें एकदां संगणकावर घेऊन टाकूं.” घेऊन टाकणें सोपें आहे. परंतु घेतांना यंत्र दहा प्रश्न विचारतें : कोडेक कोणता, गुणवत्तेचा आंकडा किती, वेग किती, आवाज कसा; आणि वडील मंडळी “तुला योग्य वाटेल तें कर” असें म्हणून मोकळी होतात. मीहि एकदां असाच मोकळा झालों होतों. त्याची किंमत काय पडली व तींतून काय शिकतां आलें, तें चार घरांच्या उपयोगीं पडावें म्हणून हा लेख लिहीत आहें. मी यंत्रज्ञ नाहीं. माझी हयात मुलांना संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेली. तेव्हां विषय यंत्राचा असला तरी समजूत पंतोजीची आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमचें गांव सास्तूर, जिल्हा धाराशिव. इ. स. १९९२ च्या वैशाखांत माझ्या मुलाची मुंज आमच्या जुन्या घरीं झाली. घर इकडच्या पद्धतीचें होतें : दगड मातींत रचून केलेल्या रुंद भिंती आणि वर मातीचें जड माळवद. माझ्या मेहुण्यांनीं हौसेनें कॅमेरेवाला आणविला व त्यानें सकाळपासून पंक्ति उठेपर्यंतची दोन तासांची कॅसेट करून दिली. पुढल्या वर्षीं मेहुण्यांनीं ती पाहण्यासाठीं सोलापुरास नेली. परत पाठवा, असें मी दोनतीनदां पत्रांतून लिहिलें. त्यांच्याकडून राहून गेलें.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील हजारों माणसें आपापल्या घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. सास्तूर हें त्यांतलेंच एक गांव. आमचें घर पडलें, आणि माझी आई त्यांत गेली. घरांतील पोथ्या, कागद, छायाचित्रें यांपैकीं हाताला लागलें तें फारच थोडें. मेहुण्यांच्या आळसामुळें सोलापुरास राहिलेली ती कॅसेट तेवढी सुखरूप होती. आई चालत आहे, हंसत आहे, बोलत आहे, असें जगांत तेवढें एकच ठिकाण उरलें.

इ. स. २००५ मध्यें कॅसेटीचा काळ संपत आला, म्हणून मीं ती एका दुकानदाराकडे नेली. त्यानें तिच्या दोन व्हिडिओ-तबकड्या करून दिल्या व शोभा यावी म्हणून मूळचा आवाज काढून त्यावर सनई घातली. त्या वेळच्या आमच्या लहान दूरचित्रवाणी-संचावर चित्र ठीक दिसलें. काम झालें असें समजून मूळ कॅसेट मीं एका पिशवींत घालून माळ्यावर टाकली. पुढें १९ वर्षांनीं नातवाची मुंज ठरली. घरांत नवा मोठा संच आला होता; त्यावर हौसेनें तबकडी लावली. मंगलाष्टकें संपलीं, अक्षतांचा वर्षाव झाला आणि नेमक्या त्या क्षणीं आईच्या चेहऱ्याच्या जागीं करड्या-पिवळ्या चौकोनांचा ढीग दिसूं लागला. नातवानें विचारलें, “आजोबा, पणजीआजी अशी चौकोनाचौकोनांची कां दिसते ?” या प्रश्नाचें उत्तर शोधतांना पुढील सर्व गोष्टी मला शिकाव्या लागल्या.

संक्षेप कशासाठीं ?

प्रथम थोडें गणित करूं. आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीची कॅसेट संगणकावर घेतांना प्रत्येक चित्राचे आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदु धरतात. अशीं २५ चित्रें एका सेकंदांत जातात. दर बिंदूस दोन बाइट धरले तर सेकंदास दोन कोटी सात लक्ष बाइट आणि तासास सुमारें ७५ गीगाबाइट होतात. दोन तासांच्या मुंजीस दीडशें गीगाबाइट लागले, तर सामान्य माणसानें तें ठेवावें कोठें आणि धाडावें कसें ? म्हणून संक्षेप करावा लागतो. चित्रास संक्षिप्त सांकेतिक रूप देणारी व पाहतांना तें पुन्हां उलगडणारी जी रीत, तिलाच कोडेक म्हणतात.

संक्षेप ही कल्पना आपणांस परकी नाहीं. सूत्रकारांचें सारें कौशल्य लाघवांत आहे. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, असें म्हणण्याची रीतच पडली आहे. पाणिनीनें हें लाघव साधलें तें बव्हंशीं अनुवृत्तीच्या बळावर. एका सूत्रांत आलेलें पद पुढील सूत्रांत पुन्हां न उच्चारतां तसेंच चालू राहतें. नवें काय तेवढेंच पुढचें सूत्र सांगतें. चलच्चित्राचे कोडेक हेंच करतात. एक चित्र संपूर्ण लिहावयाचें आणि पुढील चित्रांत “भिंत तीच, बोहलें तेंच, बटूचा हात मात्र इतका वर” एवढाच फरक नोंदवावयाचा. संपूर्ण चित्राला मुख्य चित्र म्हणूं. अनुवृत्तीचा दोषहि येथें तसाच लागू पडतो. मधलेंच एक सूत्र उचललें तर त्याचा अर्थ लागत नाहीं. तसें मुख्य चित्र बिघडलें तर पुढचें मुख्य चित्र येईपर्यंतचीं सगळीं चित्रें बिघडतात. तबकडीवर ओरखडा पडला कीं चित्र कांहीं वेळ विरघळल्यासारखें दिसतें, त्याचें कारण हेंच.

संक्षेपाची दुसरी युक्ति एका चित्राच्या पोटांतली आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे. जुन्या रीतींत दर चौकोनांत आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ बिंदु असत. मग प्रत्येक चौकोनाचें वर्णन, आधीं सरासरी छटा, मग संथ चढउतार, मग बारीक चढउतार, अशा क्रमानें करावयाचें. डोळ्यास बारीक चढउतार कमी जाणवतात, म्हणून जागा वांचविण्यासाठीं ते आधीं गाळतात. या गणिताचा शोध लावणारे नासिर अहमद यांचा जन्म इ. स. १९४० मध्यें बंगळूर येथें झाला. अमेरिकेंत अध्यापन करीत असतां त्यांनीं इ. स. १९७२ मध्यें या कल्पनेवर काम करण्यासाठीं तेथील राष्ट्रीय विज्ञान-संस्थेकडे अर्थसाह्य मागितलें. तें मिळालें नाहीं. तरीहि त्यांनीं टी. नटराजन् व के. आर. राव यांच्यासह काम पुरें केलें आणि इ. स. १९७४ च्या जानेवारींत तें प्रसिद्ध झालें. आज आपल्या भ्रमणध्वनींतील छायाचित्रें व बहुतेक चलच्चित्रें या गणिताच्या अगर त्याच्या वंशजांच्या आधारानें सांठविलीं जातात.

आतां आमच्या तबकडीचें गणित पाहा. त्या काळच्या व्हिडिओ-तबकडींत चित्राचे बिंदु आडवे ३५२ व उभे २८८, म्हणजे मूळच्या चवथाईहूनहि कमी. आणि दर सेकंदास चित्रासाठीं फक्त ११५० किलोबिट. असंक्षिप्त चित्राशीं तुलना केली तर सुमारें १४४ बाइटांच्या ठिकाणीं एक बाइट उरतो. भटजी शांत बसले असतां एवढ्यांत भागतें, कारण फरक थोडा असतो. परंतु अक्षता उडाल्या कीं हजारों पांढरे ठिपके प्रत्येक चित्रांत नव्या जागीं जातात. अनुवृत्ति तुटते, सगळेंच नवें लिहावें लागतें आणि लिहिण्यास जागा तर ठराविक. तेव्हां यंत्र बारीक चढउतार सरसकट गाळतें व नुसते चौकोन उरतात. अक्षता, होमाचा धूर, झाडाचीं हलतीं पानें, वाहतें पाणी या गोष्टी संक्षेपाचे वैरीच समजाव्या. आईचा चेहरा अक्षतांच्या आड आला, हाच काय तो तिचा अपराध.

जतन निराळें, दर्शन निराळें

यावरून मुख्य सिद्धांत असा निघतो कीं, जपून ठेवण्याची प्रत व पाहण्याची प्रत या दोन भिन्न वस्तु आहेत आणि एकाच फाइलीकडून दोन्ही कामें घेण्याचा मोह टाळावा. आपल्या पूर्वजांनीं हा भेद नीट ओळखला होता. शास्त्र शिकविण्यासाठीं त्यांनीं सूत्रें केलीं; तेथें लाघव. पण वेद राखावयाचे होते तेथें त्यांनीं संक्षेप केला नाहीं, उलट विस्तार केला. संहितापाठ, पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा रीतींनीं तींच पदें पुनःपुन्हां गुंफलीं. शिवाय अनुक्रमण्यांत मोजदाद करून ठेवली. म्हणून मुखपरंपरेनें आलेल्या पाठांत स्वरहि हलला नाहीं. जें पुन्हां मिळणार नाहीं त्याचें लाघव करूं नये, हा त्यांतला बोध आहे.

जतनाच्या प्रतीसाठीं असा कोडेक घ्यावा कीं ज्यांत कांहींहि गळत नाहीं आणि उलगडल्यावर मूळचा प्रत्येक बिंदु जशाचा तसा परत मिळतो. त्यांत एफएफव्ही१ हा आज विशेष विश्वसनीय गणला जातो. तो कोणाच्या मालकीचा नाहीं. त्याचें संपूर्ण वर्णन इ. स. २०२१ मध्यें खुलें प्रसिद्ध झालेलें आहे. एफएफएमपेग या विनामूल्य साधनानें तो वापरतां येतो. आणि पुष्कळ संग्रहालयें त्याचा उपयोग करतात. त्यांत प्रत्येक चित्र स्वतंत्र संपूर्ण ठेवतां येतें, म्हणजे अनुवृत्तीचा धोकाच नाहीं. कॅसेटीच्या चित्राची जागा यानें निम्म्याच्या आसपास येते : तासास ७५ गीगाबाइटांऐवजीं साधारण ३० ते ४०. आवाजहि असंक्षिप्त ठेवावा; त्यास तासाला एक गीगाबाइटहि लागत नाहीं. ही फाइल मोठी वाटेल. पण हजार गीगाबाइटांची तबकपेटी आज सामान्य घराच्या आटोक्यांतली आहे आणि तींत अशा बारा-पंधरा मुंजी सहज मावतात. आपल्या घरीं अशा कॅसेटी बहुधा पांचसातच असतात.

चित्रपटगृहांतील पद्धतीकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. आज चित्रपटगृहास जी प्रत जाते तींत प्रत्येक चित्र स्वतंत्रपणें संक्षिप्त केलेलें असतें व सेकंदास २५० मेगाबिटपर्यंत जागा त्यास दिलेली असते. दोन तासांच्या चित्रपटास २२५ गीगाबाइटपर्यंत. पुण्यास इ. स. १९६४ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालयानें मूळ फिती जपण्याचा अट्टाहास कां केला, हेंहि यावरून कळेल. प्रत उत्तम असली तरी मूळ तें मूळ.

पाहण्याच्या प्रतीसाठीं कोडेक

पाहण्याची प्रत करतांना लाघव जरूर साधावें. येथें तीन नांवें वारंवार कानावर येतात. पहिला एच.२६४, इ. स. २००३ चा. तो आतां जुना झाला, पण घरांतील दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनि, मोटारींतील पडदा, सगळ्यांस तो समजतो. दुसरा एच.२६५ अथवा एचईव्हीसी, इ. स. २०१३ चा, मोठ्या चित्रांत तितक्याच गुणवत्तेस त्याला सुमारें निम्मी जागा पुरते, परंतु जुन्या यंत्रांवर तो उघडत नाहीं व त्यावर पेटंटांचीं बंधनें आहेत. तिसरा एव्ही१, इ. स. २०१८ चा, तो वापरण्यास मोबदला द्यावा लागत नाहीं व तो अधिकच काटकसरी आहे, परंतु त्याचें रूपांतर होण्यास वेळ लागतो आणि तो सहज उलगडण्यास नवीं यंत्रें लागतात.

माझें मत असें. जुन्या कॅसेटी व लहान चित्रें यांस एच.२६४ घ्यावा, चित्रच लहान असल्यामुळें नव्या कोडेकानें वांचणारी जागा थोडी आणि गैरसोय मोठी. अलीकडच्या भ्रमणध्वनीवर घेतलेलीं मोठीं चित्रें किंवा घरचा चित्रपटसंग्रह आटोपशीर करावयाचा असेल व पाहण्याचें यंत्र नवें असेल, तर एच.२६५ योग्य. जुन्या ओळखीच्या माणसास लग्नाची चित्रफीत पाठवावयाची व ती त्याच्या संचावर उघडूं नये, यापरता ओशाळेपणा नाहीं.

येथें एक सामान्य घोटाळा दूर करणें जरूर आहे. फाइलीच्या नांवाशेवटीं जें एमपी४, एमकेव्ही किंवा एव्हीआय असतें, तो कोडेक नव्हे. तो डबा आहे. एकाच आकाराच्या डब्यांत रवाहि असूं शकतो व साखरहि. दूरचित्रवाणी एखादी फाइल उघडीत नसेल, तर कित्येकदां नुसता डबा बदलल्यानें काम होतें. आंतल्या चित्रास हात लागत नाहीं, गुणवत्तेंत रतिभर फरक पडत नाहीं आणि काम अल्पावकाशांत होतें. हें न कळल्यामुळें लोक संपूर्ण चित्राचें पुन्हां रूपांतर करीत बसतात व विनाकारण नासाडी करून घेतात.

आंकडे कोणते ठेवावे ?

हँडब्रेक हें विनामूल्य साधन घरगुती कामास सोयीचें आहे. त्यांत सेकंदास अमुक इतके बिट असें बांधून देण्याचा एक मार्ग असतो व गुणवत्ता स्थिर ठेवण्याचा दुसरा. दुसराच घ्यावा. पहिल्यांत होमाच्या धुरास आणि रिकाम्या भिंतीस साधारण सारखा शिधा मिळतो. दुसऱ्यांत यंत्र जेथें भूक अधिक तेथें अधिक वाढतें. हा आंकडा जितका लहान तितकें चित्र चांगलें व फाइल मोठी. एच.२६४ साठीं प्रचलित साधनांत सामान्यतः २३ धरतात. घरच्या मोलाच्या चित्रास १८ ते २० ठेवावा. आंकडा सहांनीं कमी केला तर जागा अजमासें दुप्पट लागते, एवढें ध्यानांत असूं द्यावें. मात्र एका कोडेकाचा आंकडा दुसऱ्यास लावूं नये, एच.२६५ मध्यें २८ हा आंकडा एच.२६४ मधील २३ च्या जवळपास समजतात व एव्ही१ ची मोजपट्टी तर ६३ पर्यंत जाते. शेराचें माप पायलीस लावल्यासारखा तो प्रकार होईल.

वेगाचा प्रश्न त्यानंतरचा. ‘मंद’ निवडल्यास यंत्र अधिक शोध घेतें व त्याच गुणवत्तेची लहान फाइल देतें. ‘अतिजलद’ निवडल्यास उतावळ्या लेखनिकासारखें पसरट लिहितें. रात्रीं यंत्र लावून निजावें व मंद निवडावें, हें बरें. संगणकांतील चित्रपत्राच्या जोरावर होणारें झटपट रूपांतरहि बहुधा तेवढ्याच जागेंत थोडें हलकें चित्र देतें.

कॅसेटीच्या बाबतींत आणखी दोन गोष्टी आहेत. जुन्या दूरचित्रवाणीचें चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांनीं बनलेलें असतें. तें तसेंच नव्या पडद्यावर आलें तर हलत्या हातास कंगव्याचे दाते फुटतात. पाहण्याच्या प्रतींत या रेषांचें मीलन करून घ्यावें. जतनाच्या प्रतींत करूं नये, कारण उद्यां याहून चांगली रीत निघेल व तेव्हां मूळ रेषा हाताशीं असाव्या. दुसरें, जुन्या चित्राचें प्रमाण चारास तीन असें असतें. त्यास ताणून नव्या पडद्याएवढें रुंद केलें तर सारे आप्त एका रात्रींत लठ्ठ होतात. आणि बिंदूंचेंच प्रमाण जसेंच्या तसें दाखविलें तर सगळे किंचित् रोडावतात. दोन्ही बाजूंस काळी जागा राहिली तर राहूं द्यावी.

हे सर्व आंकडे माझ्यावर विश्वासून घेऊं नयेत. आपल्या चित्रांतील सर्वांत अवघड अशी दोन मिनिटें, मुंजींत किंवा लग्नांत अक्षतांचींच, कापून घ्यावीं. तीं १८, २०, २३ अशा तीन आंकड्यांनीं करून घरांतील मोठ्या पडद्यावर पाहावीं आणि मग ठरवावें. मी २००५ सालीं लहान पडद्यावर सोपा भाग पाहून समाधान मानलें, हीच माझी चूक झाली.

नकलेची नक्कल

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांस ठाऊक आहे कीं, लेखनिकानें मूळ पोथीवरून नक्कल केली तर चार चुका होतात. त्या नकलेवरून दुसऱ्यानें केली तर त्या चार राहून आणखी चार वाढतात. गाळणाऱ्या कोडेकांचें हुबेहूब असेंच आहे. एकदां संक्षिप्त केलेलें चित्र पुन्हां संक्षिप्त केलें कीं पहिली गळती कायम राहून नवी तींत भर घालते. म्हणून प्रत्येक नवी प्रत जतनाच्या प्रतीवरूनच काढावी. व्हॉट्सॲपवर चित्रफीत म्हणून धाडलेली फाइल वाटेंत पुन्हां आवळली जाते. ती मूळ समजून ठेवूं नये. धाडावयाचीच तर दस्तऐवज म्हणून जोडावी, म्हणजे ती तशीच पोंचते.

पोथ्यांतला दुसरा रोग प्रक्षेपाचा. हल्लीं कृत्रिम बुद्धीच्या साह्यानें जुनीं चित्रें लखलखीत करून देणारीं साधनें निघालीं आहेत. तीं अस्पष्ट चेहरा स्पष्ट करतात, असें आपण म्हणतों. वस्तुतः तीं इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाज करून तेथें एक चेहरा भरतात. माझ्या मुलानें कौतुकानें आईचें असें एक चित्र करून दाखविलें. चेहरा सुरेख होता. पण ती माझी आई नव्हती. तें चित्र मीं ठेवूं दिलें नाहीं. करमणुकीपुरतें असें करण्यास हरकत नाहीं. जतनाच्या प्रतीस त्याचा स्पर्श होऊं नये.

आमची कॅसेट

मूळ कॅसेट माळ्यावरून काढली तेव्हां तिच्या कडेस पांढरी बुरशी धरलेली दिसली. अशी कॅसेट हौसेनें यंत्रांत घालूं नये. फीतहि जाते व यंत्रहि. मुलानें ती पुण्यास एका जाणत्या माणसाकडून साफ करून घेतली. वाजविण्याचें यंत्रहि जुनेंच शोधावें लागलें, कारण जगांतील अखेरच्या कारखानदारानें तीं यंत्रें करणें इ. स. २०१६ मध्यें बंद केलें. ज्यांच्या घरीं कॅसेटी आहेत त्यांनीं म्हणूनच यापुढें दिरंगाई करूं नये. फीत टिकली तरी ती वाजविणारें यंत्र टिकेलच असें नाहीं.

दोन तासांपैकीं सुमारें चार मिनिटांची फीत मात्र हातची गेली होती. ती नेमकी भिक्षावळीची. त्या चार मिनिटांस आतां ती चौकोनी तबकडीच एकमेव साक्ष आहे. म्हणून वाईट प्रतहि फेंकूं नये. हातीं अधिक चांगली आहे अशी अक्षरशः शेवटपर्यंत खात्री करून घेतल्याशिवाय तर मुळींच नाहीं. आम्ही तबकड्यांची जशीच्या तशी प्रत वेगळी ठेवली आहे.

आतां जतनाची फाइल तीन ठिकाणीं आहे : एक सास्तुरास माझ्याजवळ, एक पुण्यास मुलाकडे, एक सोलापुरास मेहुण्यांच्या घरीं. तिसरी जागा मीं आग्रहानें निवडली. त्या घराचें आमच्यावर जुनें ऋण आहे. प्रत्येक फाइलीबरोबर तिच्या सर्व बाइटांवरून काढलेली एक लांब संख्या लिहून ठेवली आहे. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुटींत, ती संख्या पुन्हां काढून ताडून पाहावयाची; एक बाइट जरी बदलला तरी संख्या जुळत नाहीं. अनुक्रमणीकारांचेंच हें काम.

नव्यानें घेतलेली फीत आम्हीं सर्वांनीं मुंजीच्या आदल्या रात्रीं पाहिली. अक्षता पडल्या व त्यांच्या आडून आई दिसली. नऊवारीचा पदर डोक्यावरून सारखा करीत होती. चौकोन नव्हते. नंतर सनईच्या खालीं इतकीं वर्षें दडलेला आवाजहि ऐकूं आला. पंक्ति चालू होत्या, आई कॅमेरेवाल्याकडे पाहून म्हणत होती, “अहो, ठेवा तें खालीं. सकाळपासून उभे आहात. आधीं दोन घांस खाऊन घ्या.” त्या शब्दांबरोबर चित्र एकदम हललें, जमीन दिसली आणि फीत संपली. कॅमेरेवाला जेवावयास बसला असावा.

नातवानें तेवढाच भाग पुन्हां लावावयास सांगितला.